हिवाळी दौड : तयारी, शर्यत आणि मध्यम मार्ग

सोलापूरच्या हवामानात लांब पल्ल्याच्या धावपटूला वर्षातून फार तर चार महिने अनुकूल असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि सकाळी आठ वाजताच मैदान तापू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मात्र पहाटेचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास असते. काही पहाटे ते त्याहूनही खाली उतरते. शालेय क्रीडास्पर्धा आणि गावोगावच्या मॅरेथॉन शर्यती बहुधा याच दिवसांत होतात, आणि पोलीस व सैन्यभरतीच्या सरावालाही याच दिवसांत जोर येतो. आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलामुलींसाठी धावणे हा केवळ छंद नाही. पोलीस भरतीच्या मैदानावरील मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर हे अंतर त्यांच्या घरातील पहिल्या कायमच्या पगाराकडे जाणारे अंतर आहे. म्हणून शाळेच्या आठवणींच्या या पुस्तकात धावण्याविषयीचा एक धडा असावा, असे आम्हांस वाटले.

आपल्या समाजात अनवाणी धावून जिंकलेल्यांच्या कथा मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात. तो अभिमान योग्यच आहे. परंतु या कथांतून मुले कधी कधी चुकीचा अर्थ घेतात. पाय फुटेपर्यंत, उपाशीपोटी, छातीत कळ आली तरी न थांबता धावणे म्हणजेच जिद्द, असे त्यांना वाटू लागते. आमचे म्हणणे याहून वेगळे आहे. लांब पल्ल्याची शर्यत मोजून-मापून केलेल्या तयारीने जिंकली जाते, आणि थंडीत तर या मोजमापाला अधिकच महत्त्व येते.

आपला वारसा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवला. निवारा, वाचन आणि खेळ या तिन्ही गोष्टी शिक्षणाच्या एकाच कामाचे भाग आहेत, हा विचार त्यामागे दिसतो. सोलापुरातील प्रत्येक वसतिगृहाला हा वारसा आपला वाटावा.

लांब पल्ल्याच्या धावण्यातही मराठी मुलखाचा वारसा जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील शर्यतींत शेतकरी घरांतील तरुणांना अनवाणी धावताना पाहिले आणि भारतीय धावपटूंना ऑलिंपिकला पाठवण्याचा ध्यास घेतला. त्यातूनच बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षी हे अंतर ४२.७५ किलोमीटर होते आणि हवा थंड, पावसाळी होती. चौगुले यांनी ते अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. हिशेब केला तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे चार मिनिटे पडतात. बेळगावच्या हवेत वाढलेल्या धावपटूने परक्या देशातील थंड पावसाळी हवेत पावणेतीन तासांहून अधिक काळ टिकवलेली ही गती शंभर वर्षांनंतरही आदर वाटावा अशीच आहे.

अलीकडचे उदाहरण अविनाश साबळे यांचे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावी शेतकरी कुटुंबात १९९४ मध्ये त्यांचा जन्म झाला. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभी राहिलेली ही रेजिमेंट आज देशातील सर्व समाजांच्या जवानांची आहे. पण तिच्या स्थापनेमागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते, हे आपण विसरू शकत नाही. साबळे यांनी सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात सेवा केली आणि सैन्यातच ते स्पर्धात्मक धावण्याकडे वळले. २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीच्या हिवाळी सकाळी त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केली. एकसष्ट मिनिटांच्या आत हे अंतर धावणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले.

आमच्या मुलींनी लक्षात ठेवावे असे नाव ललिता बाबर यांचे. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही हे त्यांचे गाव. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या सलग तीन वर्षे पहिल्या आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

या तिघांच्या घरी संपन्नता नव्हती. पण केवळ अभावामुळे कोणी वेगवान होत नाही. वर्षानुवर्षांचा नियमित सराव, योग्य मार्गदर्शन आणि संधी यांनी त्यांना घडवले. मुलांना या कथा सांगताना हा भाग गाळला जाऊ नये.

सोणाची वीणा

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंपा नगरीच्या श्रीमंत घरात वाढलेल्या सोणाचे तळपाय अतिशय कोमल होते. राजगृहाजवळच्या सीतवनात, म्हणजे ‘थंड वनात’, तो साधनेसाठी राहिला. चंक्रमण करताना त्याने स्वतःवर इतका ताण दिला की पाय फुटून चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही मुक्ती मिळत नाही, तर घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. भगवान बुद्ध त्याच्याकडे आले आणि पूर्वी तो वाजवत असलेल्या वीणेविषयी त्यांनी विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल ठेवल्या तरी लागत नाही. त्या योग्य ताणावर असाव्या लागतात, हे सोणाने स्वतःच मान्य केले. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे बुद्धांनी त्याला समजावले. अति प्रयत्नाने मन अस्वस्थ होते आणि अल्प प्रयत्नाने आळस येतो.

धावण्याच्या शिक्षकाला याहून नेमका धडा शोधूनही सापडणार नाही. अखेरच्या पंधरा दिवसांत तीन महिन्यांचा सराव उरकू पाहणारा मुलगा तारा ताणतो; थंडी आहे म्हणून पांघरुणात राहणारा मुलगा त्या सैल सोडतो. दोघांनाही शर्यतीच्या दिवशी सूर लागत नाही.

थंडी शरीराला काय करते

धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाव भागच पुढे जाण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. उन्हाळ्यात ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीराला बराच रक्तप्रवाह त्वचेकडे वळवावा लागतो आणि तेवढा स्नायूंच्या वाट्याला कमी येतो. थंड हवेत ही ओढाताण कमी होते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या उत्तम वेळा बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपासच्या हवेत नोंदल्या जातात. या अर्थाने थंडी धावपटूची मैत्रीण आहे.

पण ही मैत्रीण फसवतेही. थंडीत पहिले दोन किलोमीटर दम लागल्याचे जाणवत नाही, म्हणून मुले सुरुवातीलाच वेगाने सुटतात आणि सहाव्या-सातव्या किलोमीटरला पाय जड होतात. थंड स्नायू आणि स्नायुबंध ताठर असतात. त्यांवर एकदम भार टाकला तर पोटरी किंवा मांडीची मागची शीर भरते. कोरडी, थंड हवा तोंडाने ओढली की श्वासनलिका आकसते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना हे विशेष जाणवते. थंडीत तहानही कमी लागते, पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असते.

येथे एक स्थानिक गोष्टही ध्यानात घ्यावी. आपल्याकडे जानेवारीतील शर्यत थंडीत सुरू होते, पण उन्हात संपते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दुपारपर्यंत पारा तीस अंशांजवळ जातो. त्यामुळे काश्मीर वा युरोपातील धावपटूंसाठी सांगितलेले जाड कपड्यांचे नियम येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

बारा आठवड्यांची तयारी

१४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून ४ जानेवारीच्या वसतिगृह-स्थापना दिनापर्यंत जवळपास बारा आठवडे मिळतात. दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी एवढा काळ पुरेसा आहे. लहान वर्गांतील मुलांनी तीन ते पाच किलोमीटरवर थांबावे. पूर्ण मॅरेथॉनसाठी बहुतेक स्पर्धांमध्ये अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. पालकांनी आग्रहापोटी वय वाढवून नोंदणी करू नये.

आठवड्यातून चार दिवस धावणे पुरते. त्यांपैकी तीन दिवस शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशा सावकाश गतीने धावावे. हीच गती हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढवते, आणि मुलांना हीच सर्वांत कंटाळवाणी वाटते. चौथ्या दिवशी थोडी तीव्रता आणावी. वॉर्मअपनंतर चारशे मीटरच्या चार फेऱ्या शर्यतीच्या वेगाने घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे चालावे. पुढे फेऱ्या सहा आणि आठपर्यंत न्याव्यात. रविवारची लांब दौड पहिल्या आठवड्यात चार किलोमीटर ठेवावी आणि दर आठवड्याला अर्धा-एक किलोमीटर वाढवत नऊपर्यंत न्यावी. प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करावे, कारण सरावाने आलेला थकवा विश्रांतीतच बळात बदलतो. शेवटच्या आठवड्यात एकूण सराव निम्म्यावर आणावा. त्या आठवड्यात जास्त धावून काही मिळवता येत नाही. गमावता मात्र येते.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी जातात आणि सराव तुटतो. कित्येकांचे आईवडील त्याच सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात, आणि मुलांवर घरची कामे पडतात. अशा वेळी आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटे सावकाश धावले तरी आधीचा सराव टिकतो. सुट्टीहून परतलेल्या मुलांना ‘राहिलेले भरून काढा’ असे कोणीही सांगू नये. त्यांना एक पायरी मागे घेऊन पुढे न्यावे.

पहाटेच्या धावण्यात खरा धोका रस्त्याचा असतो. गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या रात्रंदिवस वाहत असतात, आणि कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो. अंधारात हमरस्त्यावर धावू नये. उजाडेपर्यंत मैदानावरच राहावे. रस्त्यावर धावावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, आणि फिकट रंगाचे कपडे घालून धावावे. थंडीत धूर जमिनीलगत साचून राहतो. कचरा किंवा पाचट जळत असेल तेथून दूर राहावे.

आहारासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, केळी आणि जमेल तेव्हा अंडी, हे धावपटूचे उत्तम अन्न आहे. मुलींच्या बाबतीत आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. सराव नियमित असूनही दम लवकर लागत असेल, चक्कर येत असेल, तर मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे. रक्तक्षय असताना केलेला कठोर सराव निष्फळ ठरतो. जेवणात लिंबू असावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते. मासिक पाळी हे सराव बंद करण्याचे कारण नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घेण्याचा निर्णय मुलीचा असावा.

शर्यतीची सकाळ

साडेसहाची शर्यत असेल तर साडेचारला उठावे. थोडे पोहे किंवा एक-दोन केळी आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू एवढे पुरे. उपाशीपोटी धावणे हा पराक्रम नव्हे. एक पेला पाणी प्यावे.

शेकोटीभोवती बसणे म्हणजे अंग गरम करणे, हा गैरसमज मुलांमध्ये सर्रास आढळतो. शेकोटीने त्वचा तापते, स्नायू थंडच राहतात, आणि धूर छातीत जातो तो वेगळा. स्नायू हालचालीनेच तापतात. दहा मिनिटे सावकाश धावावे, मग गुडघे उचलणे, टाचा मागे मारणे, पाय पुढे-मागे झुलवणे असे पाच मिनिटे करावे आणि शेवटी साठ-सत्तर मीटरच्या तीन वेगवान धावा घ्याव्यात. स्वेटर आणि कानटोपी सुरुवातीच्या पाच मिनिटे आधी काढून सोबत्याकडे द्यावी. उभे असताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर असावेत. उभे असतानाच ऊब वाटत असेल तर तिसऱ्या किलोमीटरला ते कपडे ओझे होतात. दमा असलेल्या मुलाने इन्हेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वापरावे आणि शिक्षकांना तशी कल्पना द्यावी. ते लपवण्यासारखे नाही.

आता वेगाचा हिशेब पाहू. दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत धावायचे तर सरासरी प्रत्येक किलोमीटरला पाच मिनिटे लागतात. पहिले दोन किलोमीटर प्रत्येकी ५ मिनिटे १० सेकंदांत जाऊ द्यावेत. पुढचे सहा किलोमीटर बरोबर पाच मिनिटांच्या गतीने घ्यावेत. शेवटचे दोन ४ मिनिटे ५० सेकंदांनी धावावेत. बेरीज पन्नास मिनिटेच होते. पण सुरुवातीला राखलेले वीस सेकंद शेवटी कामी येतात. पहिल्या दोन किलोमीटरांत पुढे पळणाऱ्यांना पळू द्यावे. त्या दोन किलोमीटरांतला संयम हाच थंडीतल्या शर्यतीचा सर्वांत अवघड भाग आहे.

वाटेत तहान लागेल तसे दोन-चार घोट पाणी घ्यावे. बळेच लिटरभर पाणी पिणेही घातक ठरते, कारण रक्तातील क्षार पातळ होतात. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाय लटपटणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबून मदत मागावी. शर्यत सोडणे हा पराभव नाही, हे मुलांना शर्यतीआधीच स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे. ऐन वेळी ते सुचत नाही. भरतीच्या मैदानावर हे सांगणे अवघड जाते, कारण तेथे घराची आशा पणाला लागलेली असते. पण पुढची भरती पुन्हा येते. तेवढ्यासाठी पालकांनी मुलाला निघताना ‘पास होऊनच ये’ असे न म्हणता ‘नीट परत ये’ असे म्हणावे.

अंतिम रेषा ओलांडल्यावर लगेच खाली बसू नये. पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यासाठी पाच-दहा मिनिटे चालत राहावे. घामाने भिजलेला शर्ट ताबडतोब बदलावा; थांबलेल्या शरीराला ओल्या कापडातून फार लवकर थंडी भरते. मोठ्या शहरांतील शर्यतींत धावपटूंना चकचकीत पातळ पत्रा पांघरायला देतात. आपल्याकडे त्याहून सरस वस्तू घरोघरी आहे. सोलापुरी चादर हाती घेऊन अंतिम रेषेवर उभे राहणारे दोन स्वयंसेवक प्रत्येक शर्यतीला असावेत.

जोडे सर्वांना

सोणाच्या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. वीणेचा दृष्टान्त दिल्यानंतर बुद्धांनी सोणाला एक तळ असलेले जोडे घालण्याची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. अमाप संपत्ती सोडून आलेला सोण आता जोड्यांत गुंतला, असे लोक म्हणतील. संघातील सर्वांना परवानगी असेल तरच मी जोडे वापरीन, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा बुद्धांनी ती परवानगी सर्व भिक्खूंना दिली.

या कथेतून आमच्या मैदानासाठी दोन गोष्टी निघतात. रक्ताळलेल्या पायांत पुण्य नाही, हे स्वतः बुद्धांनी दाखवून दिले. आणि सोय करायची ती निवडक एकासाठी नव्हे, सर्वांसाठी. शर्यत जिंकणाऱ्याला चषक देणारे दाते आपल्याला सहज मिळतात. शेवटून पहिल्या येणाऱ्या मुलीच्या पायात मापाचे जोडे असावेत, यासाठी देणारा माजी विद्यार्थी आम्हांस अधिक हवा आहे. मोठ्या भावाचे सैल जोडे कापड कोंबून घालणारा मुलगा अंगठ्याचे नख गमावतो, आणि तेही थंडी आहे म्हणून दोन दिवस कोणाला दाखवत नाही.

पुढील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, सराव सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक धावणाऱ्या मुलामुलीच्या पावलाचे माप घेऊन त्याची यादी कार्यालयात ठेवली जावी, अशी आमची सूचना आहे. नवे जोडे शर्यतीच्या दिवशी प्रथमच पायात चढवायचे नसतात. ते तीन-चार आठवडे आधी मिळायला हवेत. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला घरी जाताना ते मुलांच्या पिशवीत असतील.